जाक ताती: दिग्दर्शकाने नटाला संपवलं का?

चौथी रांग

गेल्या पंधरवड्यात फ्रेंच नट-दिग्दर्शक जाक तातीचे सहाही चित्रपट सालवारीने पाहिले. सुटे सुटे आधी पाहिले होते, आवडलेही होते. पण ओळीने पाहिल्यावर एक गोष्ट मनाला लागून राहिली, ती या चर्चेच्या धाग्यात मांडतो. ताती हा असामान्य नट होता, आणि त्याच्यातल्याच दिग्दर्शकाने त्या नटाला हळूहळू पडद्याबाहेर ढकललं, असं माझं मत झालं आहे.

ज्यांना ताती माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९०७, पॅरिसजवळच्या ल पेकचा. घरचा धंदा तसबिरींच्या चौकटी करण्याचा. अंगाने उंचापुरा, रग्बी खेळणारा. खेळ संपला की सोबत्यांपुढे खेळाडूंच्या नकला करायचा, आणि १९३०च्या दशकात त्याच नकला त्याने म्युझिक हॉलच्या, म्हणजे गाणी-नकलांच्या करमणुकीच्या, रंगमंचावर नेल्या. टेनिसपटू, गोलकीपर, मुष्टियोद्धा, घोडेस्वार. लेखिका कोलेट हिने १९३६ साली त्याच्याबद्दल लिहिलं, की हा माणूस एकाच वेळी खेळाडू, चेंडू आणि रॅकेट असतो.

मग १९४९चा 'झूर द फेत'. त्यात तो खेडेगावातला पोस्टमन. अमेरिकेत टपाल कसं झपाट्याने वाटतात ते जत्रेतल्या तंबूत बघतो आणि पेटून उठतो. धावत्या ट्रकच्या मागच्या फळीला धरून, सायकलवर बसल्या बसल्या, त्याच फळीचं टेबल करून पाकिटांवर शिक्के मारतो. १९५३मध्ये मस्य युलो आला, तातीने स्वतः साकारलेलं आणि पुढच्या चित्रपटांत परत परत येणारं पात्र. आखूड विजार, पट्ट्यापट्ट्यांचे मोजे, तोंडात पाइप. समुद्रकाठच्या हॉटेलात नाव नोंदवायला उभा राहतो, पण पाइपमुळे नाव काही फुटत नाही. शेवटी समोरचा माणूस त्याच्या तोंडातला पाइप काढून घेतो, तेव्हा कुठे 'युलो' ऐकू येतं. हा प्रसंग मी सलग चार वेळा पाहिला. १९५८च्या 'मों ओंक्ल'ला परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. इथवर सगळं ठीक.

त्यानंतर नऊ वर्षं पडद्यावर काही नाही. १९६७ला 'प्लेटाइम' येतो आणि त्यात युलोला शोधावं लागतं. तो गर्दीत कुठेतरी असतो. वर दिग्दर्शकाने त्याच्यासारखा रेनकोट आणि हॅट घातलेली दुसरीच माणसं मधूनमधून सोडली आहेत. आपण 'हा बघा युलो' म्हणून पुढे सरसावतो आणि तो निघतो भलताच कोणी. असा नट हाताशी असताना त्याला गर्दीत टाकायचं, हे मला पटत नाही. मला तो माणूस परत हवा होता.

नदीकाठ

पूर्ण असहमत, आणि आवडत्या विषयावर असहमत आहे म्हणून सविस्तर लिहिते.

युलोला गर्दीत टाकण्याची सुरुवात 'प्लेटाइम'मध्ये झाली असं तुम्ही म्हणता. 'झूर द फेत'मधली मधमाशी आठवा. कॅमेऱ्याजवळ शेतकरी काम करतोय. दूर रस्त्यावर पोस्टमन सायकलवरून चाललाय, बोटाएवढा दिसतो. अचानक तो हवेत हात मारायला लागतो. मग माशीची गुणगुण जवळ येते, पोस्टमन शांत होतो आणि इथे शेतकरी हात झाडायला लागतो. थोड्या वेळाने गुणगुण परत दूर जाते आणि तिकडे पोस्टमनचे हातवारे सुरू. माशी दिसतच नाही. एकही जवळचा शॉट नाही. पहिल्याच पूर्ण लांबीच्या चित्रपटात ताती विनोद दोघांत वाटून टाकतो आणि स्वतःकडे लांबचा वाटा ठेवतो. म्हणजे ही सवय मुळातलीच आहे, म्हातारपणी लागलेली नव्हे.

आता 'प्लेटाइम'मधलं रॉयल गार्डन रेस्टॉरंट घ्या. युलोच्या धक्क्याने काचेचं दार फुटतं. तुमच्या मते नटाचा प्रसंग तिथे संपला. पण खरा प्रसंग तिथून सुरू होतो. दारवानाच्या हातात दाराची मोठी पितळी मूठ तेवढी उरते. गिऱ्हाईक आलं की तो ती मूठ हवेत धरून अदबीने 'दार' उघडतो, आत घेतो आणि 'दार' लावतो. लोक आत जातात, बक्षिसी देतात. काच नाही हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. मला सांगा, ही तातीची म्युझिक हॉलमधलीच कला नाही का? रिकाम्या हवेत वस्तू उभी करायची. फक्त या वेळी ती दुसऱ्याच्या हातात दिली आहे. नट कुठे गेला म्हणता? तो सगळ्यांच्यात वाटला गेला.

हिशेबनीस

दोघांचंही म्हणणं सुंदर आहे, पण कारकीर्द म्हटली की पैसा आलाच आणि त्याबद्दल कोणी बोलत नाहीये.

'प्लेटाइम'साठी पॅरिसच्या कडेला वॅन्सेनपाशी एक अख्खं शहर बांधलं. पोलादी आणि काचेच्या इमारती, डांबरी रस्ते, सिग्नल, स्वतःचं वीजघर. लोक त्याला 'तातीव्हिल' म्हणत. काम १९६४ला सुरू झालं, १९६७पर्यंत चाललं. बांधकाम चालू असताना वादळाने नुकसान केलं ते वेगळंच. चित्रण ७० मिमी रुंदीच्या फिल्मवर, म्हणजे फिल्मही महाग आणि ती दाखवू शकणारी थिएटरंही मोजकीच. पैसे संपले, कर्ज काढलं, राहतं घर गहाण पडलं. चित्रपट चालला नाही. कंपनी बुडाली आणि आधीच्या चित्रपटांचे हक्कसुद्धा हातातून गेले. पोस्टमन आणि युलो ज्याने उभे केले, त्यालाच ते काही वर्षं दाखवता येईनात. तो सेट नव्या दिग्दर्शकांसाठी ठेवावा अशी त्याची इच्छा होती, तोही पाडला.

'झूर द फेत'च्या वेळीही त्याने असाच डाव टाकला होता. थॉमसनकलर नावाच्या नव्या पद्धतीने चित्रपट रंगीत काढायचा होता. पण ती फिल्म धुऊन प्रिंट काढणंच जमलं नाही. शेजारी सुरक्षेसाठी दुसरा कॅमेरा कृष्णधवल फिल्म घेऊन उभा होता, म्हणून १९४९ला चित्रपट लागला तरी. रंगीत आवृत्ती लोकांना दिसली १९९५मध्ये, ताती जाऊन तेरा वर्षं झाल्यावर. 'प्लेटाइम'च्या वेळी शेजारी दुसरा कॅमेरा नव्हता. सहा चित्रपटांत कारकीर्द आटोपली याचं दुःख मला आहे, आणि त्याची जबाबदारी त्याच्या हट्टावर आहे असं मी म्हणेन.

कानसेन

ध्वनीबद्दल कोणीच काही बोललं नाही, हे कसं?

ताती चित्रण आधी करायचा आणि आवाज नंतर एकेक करून बसवायचा. युलोच्या हॉटेलातलं भोजनगृहाचं झुलतं दार आठवा, उघडलं की जाड तार छेडल्यासारखा आवाज येतो. दार दिसलं नाही तरी 'कोणीतरी आत आलं' हे कळतं. 'प्लेटाइम'मध्ये काळ्या खुर्च्या आहेत, बसलं की सुस्कारा टाकतात, उठलं की हळूहळू फुगून मूळ आकाराला येतात. आणि तो लांबलचक कॉरिडॉर! साहेब पार टोकाला दिसतो, बुटांची टाकटाक सुरू होते, युलो उठायला बघतो, म्हातारा शिपाई त्याला हाताने खाली बसवतो. पावलं वाजत राहतात, माणूस जवळ येता येत नाही. त्या प्रसंगात युलोचा अभिनय दोनच गोष्टींचा आहे, उठणं आणि बसणं. बाकीचं काम बुटांनी केलंय. हे मी हेडफोन लावून ऐकलं तेव्हा 'प्लेटाइम' मला नव्याने सापडला. मोठ्या पडद्यावर मिळाला तर बघाच, पण नाही मिळाला तर निदान कानांनी तरी नीट ऐका. नदीकाठ यांना +१.

चौथी रांग

@नदीकाठ, मधमाशीचा मुद्दा मान्य. तो प्रसंग मी विसरलो होतो आणि विसरायला नको होता.

पण 'वाटला गेला' हे मला पुरत नाही. 'मों ओंक्ल'मध्ये युलो राहतो त्या जुन्या घराची खिडकी आठवा. तावदान थोडं हलवलं की ऊन परावर्तित होऊन समोरच्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यावर पडतं आणि पक्षी गायला लागतो. तावदान सरकलं की गप्प. युलोला ते कळतं, मग तो तावदान बरोबर जागेवर आणून ठेवतो आणि घराबाहेर पडतो. पक्षी गातच राहतो. एवढ्याशा हालचालीत तो माणूस कसा आहे ते सगळं येतं. 'प्लेटाइम'मधल्या शंभर माणसांच्या शंभर करामतींत मला असा एकही क्षण सापडत नाही. तिथे हसू येतं, थक्क व्हायला होतं, पण जीव जडावा असं कोणी नाही.

घागर

तुमच्या वादात मध्येच बोलते. 'मों ओंक्ल' म्हणजे 'माझा मामा'. फ्रेंचमध्ये काका-मामा एकच शब्द, पण युलो हा त्यातल्या लहान मुलाच्या आईचा भाऊ, म्हणजे आपल्या हिशेबाने मामाच. हे लक्षात आल्यापासून तो चित्रपट मला घरचा वाटायला लागला. बापाच्या नव्या बंगल्यात सगळं यंत्रावर चालतं. अंगणातला माशाचा कारंजा पाहुणा महत्त्वाचा असेल तरच सुरू होतो, किरकोळ माणूस निघाला की बंद. आणि मामाचा हात धरला की गल्ली, भाजीवाले, भटकी कुत्री. मी चाळीत वाढले. युलोच्या घराचे ते वेडेवाकडे जिने, आत्ता या खिडकीत दिसतो तर मग त्या, हे बघून डोळे भरून आले.

हिशेबनीस

@घागर, मीही चाळीतलाच. तातीची इथे थोडी फसगत होते असं मला वाटतं. युद्धानंतरच्या फ्रान्समध्ये घरांची भयंकर टंचाई होती. ज्या कुटुंबांना नळ, न्हाणीघर आणि शेगडी असलेली जागा पहिल्यांदा मिळाली, त्यांना जुन्या गल्लीची हुरहुर लागली असेलच असं नाही. पाणी भरायला पहाटे उठणाऱ्याला विचारा.

घागर

पहाटे मीच उठायचे. तरीही.

मूकपात्र

मी मुलांना मूकनाट्य शिकवतो, म्हणून शरीराच्या बाजूने सांगतो.

युलोची चाल आरशासमोर करून बघा. सगळं वजन चवड्यांवर, घोट्यापासून वर अख्खं शरीर पुढे कललेलं, कोपरं मागे. पाय पोचायच्या आधी माणूस पोचलेला असतो, आणि पोचल्यावर 'इथे यायला नको होतं' म्हणून तो अर्धं पाऊल मागे येतो. पाच मिनिटांत पोटऱ्या भरून येतात. 'प्लेटाइम'च्या वेळी ताती साठीला टेकला होता. तीन वर्षं तीच चाल प्रत्येक चौकटीत करायची हे सोपं नाही. त्यामुळे त्याने युलोला मागे ठेवलं यात शरीराचाही भाग असेल.

दुसरं म्हणजे, तो इतरांना करून दाखवायचा. सेटवरच्या साध्या येणाऱ्याजाणाऱ्याला कसं चालायचं, कसं वळायचं, हे स्वतः चालून दाखवायचा. म्हणजे नदीकाठ म्हणतात ते शब्दशः खरं आहे. त्या पडद्यावरची किती माणसं तातीच्या पायांनी चालतायत!

आणि चौथी रांग, तुम्ही सहाही चित्रपट पाहिले म्हणता. पाचव्या 'त्राफिक'चं (१९७१) एक वेळ सोडा. पण सहावा, 'पराद' (१९७४)? त्याबद्दल तुम्ही एक वाक्यही लिहिलेलं नाही.

चौथी रांग

@मूकपात्र, खरं सांगतो. 'पराद' मी शेवटच्या रात्री, उशिरा, अर्धवट लक्षाने पाहिला. सर्कशीचा कार्यक्रम, बराचसा व्हिडिओवर टिपलेला, युलो नाही, गोष्ट नाही. मी तो मोजलाच नव्हता.

तुमचा प्रतिसाद वाचून काल परत लावला. स्टॉकहोममधली सर्कस. ताती सूत्रधार आहे, वय पासष्टीच्या पुढे, अंग जड झालेलं. मध्येच तो एकटा रिंगणात येतो आणि १९३०च्या दशकातल्या त्याच नकला करायला लागतो. टेनिस, मुष्टियुद्ध, फुटबॉलचा गोलकीपर. मग घोडेस्वार. कमरेच्या वर ताठ, रुबाबदार स्वार. कमरेच्या खाली घोडा, तो ऐकत नाही. वरचा माणूस खालच्याला आवरतोय, खालचा वरच्याला खेळवतोय, आणि दोघंही तोच. कोलेटने लिहून तेव्हा जवळजवळ चार दशकं झाली होती.

कॅमेरा त्याच्याकडे बघत उभा राहतो. दुसऱ्या कोणात तो वाटला जात नाही.

'प्लेटाइम'मध्ये मला तो आजही कमीच पडतो, हे मत बदललेलं नाही. पण शीर्षकातला 'संपवलं' हा शब्द चुकीचा होता. धाग्याचं नाव आता बदलता येत नाही, म्हणून इथेच लिहून ठेवतो.

हिशेबनीस

'पराद' स्वीडिश टीव्हीच्या पैशांवर आणि थोडक्या खर्चात झाला, एवढी भर घालतो. ऑस्कर घ्यायला अमेरिकेत गेला तेव्हा तुम्हाला काय हवं असं त्याला विचारलं होतं. त्याने मागितलं ते म्हणजे स्टॅन लॉरेल, बस्टर कीटन आणि मॅक सेनेट या म्हाताऱ्यांची भेट. मी पैशाचं बोललो, ते मागे घेत नाही. पण घोड्याचा तो प्रसंग आज रात्री बघणार आहे.

नदीकाठ

हेडफोन लावून बघा. टापांचे आवाज ऐका.