पाचवा महिना, चेंबूरची हवा आणि वार: नक्की काय बिघडतं?

वाशीनाकावाली
नमस्कार. पहिलटकरीण आहे, पाचवा महिना चालू आहे. राहायला चेंबूरला वाशी नाक्याला, नोकरी सुपरमार्केटात कॅश काउंटरवर. वारा माहुलच्या रिफायनऱ्यांच्या बाजूने फिरला की रात्री खिडक्या लावून घ्याव्या लागतात, इतका वास. परवा नणंदेने फॉरवर्ड पाठवला: प्रदूषणातली रसायनं वारेच्या (बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटाच्या) पेशी मारून टाकतात, प्लास्टिकला हातसुद्धा लावू नका. सासूबाई म्हणतात, वार सगळं अडवते, देवाने दिलीय कशाला? ओपीडीत विचारायला तोंड उघडलं, तोवर पुढचा नंबर पुकारला. दोघींतली खरी कोण? नोकरी सोडू का?

गिरगावकर_७१
आमच्या आईने गिरणीच्या धुरात पाच बाळंतपणं काढली. पाचही ठणठणीत. फॉरवर्ड डिलीट करा आणि झोपा.

पेशीपाळ_परळ
काका, जगली वाढली तेवढीच मोजली जातात. जी राहिलीच नाहीत त्यांचा हिशोब त्या काळी कोण ठेवत होतं?

वाशीनाकावाली, नणंद घाबरवतेय आणि सासूबाई निश्चिंत करतायत, दोघीही अर्ध्यावर थांबल्यात. मी परळला एका प्रयोगशाळेत वारेच्या पेशी वाढवायचं काम करायचे, त्यामुळे जरा लांबण लावते.

वारेचा सगळ्यात बाहेरचा थर थेट आईच्या रक्तात बुडालेला असतो. असंख्य पेशी एकमेकींत मिसळून त्याचा एकच सलग पापुद्रा झालेला असतो. दिवस भरताना तो उलगडून पसरला तर साधारण १२ चौरस मीटर भरेल, म्हणजे चाळीतली १० बाय १२ फुटांची खोली. बाळासाठी साखर, कॅल्शियम, लोह आत घेणं ह्याचं काम. गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक हाच बनवतो. तुझ्या टेस्टच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली ती ज्या एचसीजी संप्रेरकामुळे, तेही ह्याचंच. खालून नव्या पेशी येऊन मिसळत राहिल्या तरच हा थर टिकतो. म्हणून विष पलीकडे गेलं की नाही, एवढंच बघून भागत नाही. अडवता अडवता ह्या थराचं स्वतःचं काम बिघडलं तरी त्रास बाळालाच.

कॅडमियम ह्या धातूचं उदाहरण घे. तंबाखूत असतं, बॅटऱ्यांच्या भंगारात असतं. ते बाळापर्यंत फारसं जात नाही, वारेतच साठतं. इथवर सासूबाई बरोबर. पण साठलेलं कॅडमियम जस्त पलीकडे जाऊ देत नाही आणि एचसीजी कमी करतं. शिवाय आईच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, बाळाकडे जाण्याआधी निष्प्रभ करणारं एक एन्झाइम वारेत असतं, तेही दबतं.

शिसं तर सरळ पार होतं. पाऱ्याचं अजून वाईट: मिथाइल पारा अमिनो आम्लाचं सोंग घेऊन वारेच्या वाहतूक प्रथिनांवर बसून आत जातो आणि नाळेच्या रक्तात आईपेक्षा जास्त सापडतो. धुरातलं बेंझोपायरीन वारेतल्याच एका एन्झाइममुळे जास्त घातक रूपात बदलतं आणि डीएनएला चिकटतं. काजळीचे कण तर बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये वारेत बाळाच्या बाजूला प्रत्यक्ष पाहिलेत.

आता फॉरवर्डबद्दल. आम्ही ज्या पेशी वाढवायचो त्यांना बीवो म्हणतात, मूळच्या वारेच्या कर्करोगातल्या. गुलाबी द्रवात तळाला चिकटून वाढतात. फोर्सकोलिन घातलं की एकमेकींत मिसळायला लागतात, मधल्या रेषा पुसत जातात आणि केंद्रकं एका जागी गोळा होतात. (हे फोर्सकोलिन म्हणजे ज्या गरमरचं गुजराती लोक लोणचं घालतात तिच्या मुळातलं. १९७० च्या दशकात ते वेगळं काढणाऱ्यांत हेक्स्ट ह्या औषध कंपनीचं मुलुंडचं संशोधन केंद्र होतं. मुंबईकर म्हणून मला ह्याचा उगाच अभिमान.) विषारी रसायन भरपूर घातलं की पेशी गोल होतात, तळ सोडतात आणि तरंगायला लागतात. फोटो भयंकर दिसतो आणि फॉरवर्डमध्ये तोच येतो. पण प्लास्टिकमधल्या बिस्फेनॉलसारख्या रसायनाची प्रयोगाच्या बशीतली मात्रा बऱ्याचदा माणसाच्या रक्तातल्यापेक्षा शेकडो पट, कधी हजार पट असते. अशा प्रयोगातून बिघाड कुठल्या वाटेने होतो ते कळतं. तुझ्या वारेचं काय होणार, हे त्यावरून सांगता येत नाही.

आशासेविका_गोवंडी
बरोबर बोललात. आमच्या वस्तीत बायका प्लास्टिकवरून भांडतात आणि सकाळी उठून मिश्री लावतात. मुंबईतल्याच १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ मध्ये छापून आला होता, आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगतात. मिश्री-तंबाखूवाल्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी भरलं. आधी ती डबी बंद करा, मग बाटल्या बदला. आणि कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नका, कॅल्शियम कमी पडलं की हाडात साठलेलं जुनं शिसंसुद्धा रक्तात उतरतं.

वाशीनाकावाली
गोळ्या चालू आहेत. माझं काम दिवसभर पावत्या फाडायचं. त्याचं काही आहे का? आणि मासे बंद करू का? आईकडून बांगडे येतात.

पेशीपाळ_परळ
नोकरी सोडू नकोस गं. पण पावत्यांचा प्रश्न योग्य विचारलास, प्लास्टिकच्या डब्यापेक्षा तो तुझ्या जास्त जवळचा आहे. त्या गुळगुळीत थर्मल कागदावर बिस्फेनॉल मोकळंच असतं, बोटांना लागतं. सॅनिटायझरने ओले हात असले तर कातडीतून कितीतरी जास्त आत जातं, आणि काउंटरवर तर बाटली शेजारीच ठेवलेली असते. नायट्राइलचे हातमोजे माग. नाही मिळाले तर सॅनिटायझर लावून लगेच पावती धरू नकोस आणि खाण्याआधी साबणाने हात धू. टपरीवरचा गरम चहा पिशवीतून आणायचा बंद, डबा स्टीलचा.

बांगडे खुशाल खा. मांदेली, बोंबीलही. मोरी (शार्क) मात्र नको आणि मोठी सुरमई क्वचित. मोठा मासा लहान मासे खाऊन पारा साठवत जातो.

माहुलच्या वासावर माझ्याकडे घरगुती उपाय नाही. तो तू एकटीने सोडवायचा प्रश्नच नाही, सोसायटीने मिळून प्रदूषण मंडळाकडे तारीख-वेळ टाकून तक्रार करत राहायची. वास येत असेल तेव्हा खिडक्या लाव, आणि बंद खोलीत मच्छर अगरबत्ती अजिबात नको, मच्छरदाणी लाव.

वाशीनाकावाली
मोजे उद्याच मागते. एकच राहिलं. मी मिश्री लावत नाही, पण सासूबाई लावतात आणि तंबाखू घरातच तव्यावर भाजतात. खोलीभर धूर होतो. त्यांना कसं सांगू?

आशासेविका_गोवंडी
तू सांगू नकोस, आम्हा आशांना सांगू दे. तुमच्या भागातल्या आशाताईचं नाव इथे टाकू नकोस, आरोग्य केंद्रात जाऊन तिला घरभेटीला बोलाव. सुनेचं ऐकत नाहीत, पण वही घेऊन आलेल्या बाईचं ऐकतात. तोवर त्या भाजायला बसल्या की तू शेजारणीकडे जा. आणि तो तवा भाकरीला वापरत असाल तर आजच वेगळा काढा.