मदत हवी आहे: खरूज कोणाकडून कोणाकडे जाते, याची नोंद कशी ठेवायची?

नमस्कार,

मी मुलांच्या एका वसतिगृहाचं काम पाहते. गेले काही महिने आमच्याकडे आणि लागूनच्या वस्तीत खरजेने मुक्काम ठोकला आहे. एका खोलीतली मुलं बरी होतात तोवर दुसऱ्या खोलीतली खाजवायला लागतात. डॉक्टर येऊन पाहतात, मलम मिळतं, तेव्हा औषधाची अडचण नाही. खरूज येते कुठून आणि एकूणात कमी होते आहे की नाही, हे मात्र आमच्या नोंदींवरून काहीच कळत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं, ही विनंती.

सध्या एक वही आहे. तारीख, नाव, खोली, दिलेलं औषध. मूल खाज येते म्हणून आलं की त्या दिवसाची नोंद होते. या वहीप्रमाणे सुरुवात एका मोठ्या मुलापासून झाली, त्यामुळे सगळे त्याच्याकडेच बोट दाखवतात. जेवतानाही त्याच्या शेजारी कोणी बसत नाही. मला हे अजिबात पटत नाही. पहिल्यांदा खरूज होते तेव्हा लागण झाल्यापासून खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात आणि त्या काळातही ती दुसऱ्याला लागू शकते. उलट ज्याला पूर्वी होऊन गेली आहे, त्याचं अंग १ ते ४ दिवसांतच खाजायला लागतं. म्हणजे सगळ्यात आधी तक्रार केलेल्या मुलाला कदाचित सगळ्यात शेवटी लागण झाली असेल! वहीतला क्रम आणि लागणीचा क्रम यांचा मेळ घालायचा कसा?

दुसरं, मोजायचं कोणाला? कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची सोय इथे नाही. खरूज ज्याच्यामुळे होते तो किडा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान आणि नेहमीच्या रुग्णाच्या अंगावर साधारण १० ते १५च मादी किडे असतात, त्यामुळे खरवडूनही हाती लागेलच असं नाही. मी बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, काखा आणि बेंबीभोवती पाहते. एका मुलीच्या बेचकीत राखाडी, नागमोडी, जेमतेम नखाएवढी रेघ होती आणि तिच्या टोकाला बारीक ठिपका. इतकं स्पष्ट क्वचितच दिसतं. बाकीच्यांच्या अंगावर पुरळ, ओरखडे आणि पिकलेले फोड.

आणि उपचारानंतरही २ ते ४ आठवडे खाज राहते म्हणतात. मग परत आलेलं मूल 'नवीन' लिहायचं की 'जुनं'?

प्रतिसाद (त्वचारोगतज्ज्ञ)

मोजण्यापुरतं सांगतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत तीन पायऱ्या आहेत: निश्चित, लक्षणांवरून ठरवलेली आणि संशयित. किडा, अंडी किंवा विष्ठा प्रत्यक्ष दिसली तर निश्चित. तुम्ही वर्णन केलेली रेघ, म्हणजे किड्याचं बीळ, दिसली तर लक्षणांवरून ठरवलेली. नेहमीच्या जागी नेहमीसारखं पुरळ, सोबत खाज आणि खाज असलेल्या किंवा खरूज झालेल्या माणसाशी निकटचा संपर्क, या दोन्ही गोष्टी असतील तरीही हीच पायरी. तसं पुरळ आहे, पण खाज आणि संपर्क यांपैकी एकच असेल तर संशयित. वहीत पायरीचा रकाना करा आणि सगळ्यांना एकच मोजपट्टी लावा. महिन्यामहिन्याला निकष बदलले, तर आकडे रोगामुळे हलले की तुमच्यामुळे, हे कळणार नाही.

बिळाची शंका असेल तिथे शाईच्या पेनने हलकेच रंगवून स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. बीळ असेल तर शाई आत उतरून रेघ उठून दिसते.

एक जरूर विचारा: आधी कुठलं मलम लावलं होतं का? नायटा समजून स्टेरॉइड असलेलं मलम चोळलेलं असतं. त्याने खाज आणि लाली दबते, किडा मरत नाही. असं मूल तुमच्या वहीत उशिरा येतं किंवा येतच नाही.

प्रतिसाद (परिचारिका, वस्तीपातळीवर काम)

ताई, मुलाच्या नावाने पान करू नका, घराच्या किंवा खोलीच्या नावाने करा. खरूज कातडीला कातडी बराच वेळ लागून पसरते. एकत्र झोपणं, लहान मुलाला कडेवर घेणं, आजारी माणसाची सेवा. पानावर त्या खोलीतले सगळे हवेत, खाज नसलेलेही. प्रत्येकापुढे 'खाज कधीपासून' लिहा. तारीख आठवत नाही, पण 'परीक्षेच्या आधीपासून', 'सुट्टीवरून आल्यावर' हे मुलांना पक्कं आठवतं. 'पूर्वी झाली होती का' हेही विचारा, म्हणजे तुमचा पहिला प्रश्न बराच सुटेल. पहिल्यांदाच झालेल्यांसाठी खाज सुरू झाल्यापासून ४ ते ६ आठवडे मागे जा आणि तेव्हा मूल कुठे राहत होतं, कोणाजवळ झोपत होतं ते लिहा. चार-पाच मुलांची उत्तरं एकाच घराकडे किंवा एकाच सुट्टीकडे जातात का ते बघा.

'नवीन की जुनं' याबद्दल: नुसती खाज असेल आणि नवं पुरळ नसेल, तर महिनाभर 'उपचारानंतरची खाज' असं लिहून लक्ष ठेवा. नवी बिळं किंवा नवं पुरळ दिसलं, तर आधी त्या पानावरच्या सगळ्यांनी एकाच दिवशी मलम लावलं का आणि ७ ते १४ दिवसांनी दुसरा हात झाला का, ते तपासा. बहुतेक वेळा गोम तिथेच असते. त्यासाठी दोन रकाने राखून ठेवा.

पिकलेले फोड मात्र वेगळे नोंदवा. त्या जखमांतल्या जिवाणूंमुळे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. लघवी लाल झाली किंवा चेहरा सुजला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

प्रतिसाद (साथींच्या नोंदींचं काम करणारा)

तपासलं आणि काही सापडलं नाही, हेही लिहा. याविना 'या महिन्यात जास्त' याला अर्थ नाही, कारण जास्त मुलं तपासली की जास्त सापडणारच. फिजीमधल्या २०१५ च्या अभ्यासात हेच नीट केलं होतं. ज्या गटात सगळ्यांना आयव्हरमेक्टिन (खरजेचे किडे मारणाऱ्या गोळ्या) दिलं, तिथे खरजेचं प्रमाण १२ महिन्यांत ३२.१ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर आलं. तक्रार घेऊन आलेले रुग्ण मोजून हे दिसलं नसतं. आधी आणि नंतर लोकांना तपासलं म्हणून दिसलं.

नकाशा काढायचा विचार असेल तर घरांवर ठिपके देऊन तो भिंतीवर लावू नका. त्या मोठ्या मुलावर जे बेतलं तेच पूर्ण घरांवर बेतेल. खोल्यांना आणि घरांना क्रमांक द्या, नावांची यादी वेगळी कुलपात ठेवा. कागदावर क्रमांक आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा पुरेत: कोण कुठे झोपायला जातं, कोण कोणाच्या बाळाला सांभाळतं. जिथे जास्त रेघा मिळतात तिथे आधी जाऊन तपासा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल घराची पानं करायला घेतली. रेघा काढल्यावर बऱ्याच रेघा वस्तीतल्या एका घरात जाऊन मिळाल्या. तिथल्या आजी अंथरुणाला खिळल्या आहेत आणि आमच्याकडची काही मुलं सुट्टीत त्यांच्याजवळ असतात. आजींना फारशी खाज नाही, म्हणून त्यांना कोणी तपासलंच नव्हतं. पण हातांवर आणि कोपरांवर जाड, खपल्यांसारखी पांढुरकी साल आहे. घरचे म्हणतात, म्हातारपणाची कातडी. हा वेगळा रोग आहे का?

प्रतिसाद (त्वचारोगतज्ज्ञ)

त्यांना लगेच दाखवा. ही खपल्यांची खरूज असू शकते. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या आणि अशक्त माणसांत ती होते, खाज अनेकदा नसतेच, पण अंगावर हजारो, कधी लाखो किडे असतात. झडलेल्या खपल्यांतूनही लागण होते, म्हणून इथे चादरी-कपडेही महत्त्वाचे: गरम पाण्यात धुवा, जे धुता येत नाही ते पिशवीत आठवडाभर बांधून ठेवा. मलमाचा एक हात त्यांना पुरणार नाही. गोळ्या आणि मलम दोन्ही, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्यांची सेवा करणाऱ्यांना हातमोजे द्या आणि त्या सगळ्यांवर त्याच दिवशी उपचार करा. घरात गरोदर बाई किंवा १५ किलोपेक्षा कमी वजनाचं मूल असेल तर आधी सांगा, त्यांना आयव्हरमेक्टिन सहसा देत नाहीत.

धागाकर्ती

उद्या सकाळीच डॉक्टरांना त्या घरी घेऊन जाते. घरात एक लहान बाळ आहे, तेही त्यांना सांगते. आणि त्या मोठ्या मुलाला आज विचारलं. त्याला लहानपणी एकदा खरूज झाली होती. या वेळची खाज सुट्टीवरून आल्यावर दोन-तीन दिवसांतच सुरू झाली. सुट्टीत तो आजींच्याच घरी होता. त्याच्या खोलीतल्या मुलांना हे सगळं मी स्वतः समजावून सांगणार आहे.