बॅकअपने पेज कॅशे टाळावा की कर्नलवर सोडावं? (फोरमवरची चर्चा; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

रात्रपाळी
डेटाबेस सुमारे ४०० जीबी, सर्व्हरची मेमरी ६४ जीबी. पोस्टग्रेसला (डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर) शेअर्ड बफर्स, म्हणजे त्याचा स्वतःचा कॅशे, १६ जीबी दिलेत, उरलेली बहुतेक मेमरी कर्नल (लिनक्सचा गाभा) पेज कॅशेसाठी, म्हणजे फायलींतले वाचलेले तुकडे (पानं) हाताशी ठेवण्यासाठी, वापरतो. रात्री दोनला बेस बॅकअप (सगळ्या डेटाबेसची प्रत) सुरू होतो आणि टार (फायली एकत्र बांधणारं साधन) सगळ्या फायली ओळीने वाचत जातो. सकाळी पहिला तासभर रोजच्याच क्वेरी डिस्कवर रखडतात.

बॅकअप प्रत्येक पान एकदाच वाचतो, नंतर त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. अशा कामाने दिवसभर तापलेला कॅशे धुऊन टाकावा हे मला अजिबात पटत नाही. माझं ठाम मत: वाचून झालं की बॅकअप साधनाने एफॲडव्हाइजचा डोन्टनीड (कर्नलला ‘या फाइलची पानं आता नकोत’ असा सल्ला) देऊन पानं सोडावीत, आणि हे मुळातच चालू असावं, कुणी पर्याय शोधून लावायची गरज पडू नये. बॅकअप संपल्यावर ड्रॉप कॅशेस (कॅशे रिकामा करायची आज्ञा) चालवणारे क्रॉनही (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) मी पाहिलेत. त्याने गरम-थंड सगळीच स्वच्छ पानं (डिस्कवर लिहायचं काही न उरलेली) जातात, म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम.

दोन याद्या
असहमत. लिनक्स फाइल कॅशेच्या दोन याद्या ठेवतो, सक्रिय आणि निष्क्रिय. पहिल्यांदा वाचलेलं पान निष्क्रिय यादीत जातं. पुन्हा वापरलं गेलं तरच वर चढतं. एका दमात वाहून जाणारं वाचन खालच्या यादीतूनच बाहेर पडावं, यासाठीच ही रचना आहे. शिवाय ३.१५ पासून कर्नल हाकलून दिलेल्या पानांची नोंद ठेवतो, ती लगेच परत आली तर चूक सुधारतो. सकाळ संथ आहे एवढ्यावरून कॅशेला दोष देऊ नका. व्हीएमस्टॅटमधला (कर्नलची मेमरीची आकडेवारी) वर्किंगसेट रिफॉल्ट फाइल, म्हणजे हाकललेली पानं किती वेळा परत आणावी लागली, हा आकडा पाहिलात का?

रात्रपाळी
नाही पाहिला, पाहतो. पण तुमच्या मांडणीत पोस्टग्रेसची एक अडचण राहून जातेय. खरी गरम पानं शेअर्ड बफर्समध्येच असतात, त्यामुळे ती कर्नलकडे पुन्हा मागितलीच जात नाहीत. त्याखालची कोमट पानं, म्हणजे तासा-दोन तासांनी लागणारी, कर्नलच्या नजरेत एकदाच वाचलेली दिसतात. ती बॅकअपच्या पानांसोबत त्याच निष्क्रिय यादीत उभी असतात. ४०० जीबीचा लोंढा आला की जाणार तीच.

धूळपाटी
कोमट पानांचं पटलं, पण उपाय चुकतोय. पान कॅशेत कोणी आणलं हे डोन्टनीड विचारत नाही. तुमचा टार फाइल वाचून सल्ला देईल आणि त्या फाइलची स्वच्छ पानं कर्नल सोडून देईल, पोस्टग्रेसने आणलेलीसुद्धा. लोंढ्यात तगली असती ती पानंही जातील. हे मुळातच चालू ठेवलं तर सकाळ आजच्यापेक्षा वाईट जाईल. नोकॅश नावाचं छोटं साधन आहे: फाइल उघडल्यावर मिनकोरने (कोणती पानं मेमरीत आहेत ते सांगणारा कॉल) आधीची हजर पानं टिपतं आणि नंतर फक्त नव्याने आलेली सोडतं. याला मी शिस्त म्हणेन. ओ-डायरेक्टने, म्हणजे कॅशे टाळून थेट डिस्कवरून, वाचलं तर असलेली पानं शाबूत राहतात, पण रीडअहेड (पुढचं आधीच वाचून ठेवणं) मिळत नाही, मोठे तुकडे स्वतः मागावे लागतात. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये इनोडीबी (त्याचं साठवणुकीचं इंजिन) ओ-डायरेक्टवर असेल तर डेटा फायलींपुरता हा वाद जवळजवळ उरतच नाही.

लेखणीबहाद्दर
सगळे वाचण्यावरच बोलताय. बॅकअप त्याच मशीनवर लिहिला जात असेल तर आधी तिकडे बघा. डर्टी रेशो (डिस्कवर न लिहिलेली, म्हणजे डर्टी, पानं किती साचू द्यायची ती मर्यादा) सहसा २० टक्के असतो, उपलब्ध मेमरीच्या. या मशीनवर आठ-नऊ जीबी न लिहिलेली पानं साचू शकतात, आणि त्याच डिस्कवर चेकपॉइंटचा (पोस्टग्रेस आपले बदल डिस्कवर उतरवतो तो टप्पा) एफसिंक (आत्ताच डिस्कवर लिहा असा आदेश) आला की तो त्यांच्यामागे रांगेत. आणि डोन्टनीड डर्टी पानांना हातही लावत नाही, आधी एफडेटासिंक करून ती डिस्कवर लिहावी लागतात. डर्टी बाइट्स या सेटिंगने मर्यादा बांधा.

रात्रपाळी
आमचा बॅकअप नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर जातो, त्यामुळे हे इथे लागू नाही.

धूळपाटी, तुमचा मुद्दा मान्य. डोन्टनीड सरसकट चालू असावा हे मी मागे घेतो. बॅकअपने आपला पसारा आपण आवरावा, यावर मात्र ठाम आहे. सिस्टमडी-रन या आज्ञेने टारला वेगळ्या सीग्रुपमध्ये (मेमरीचा हिशेब वेगळा ठेवणारा प्रोसेसचा गट) टाकून मेमरी हाय, म्हणजे त्या गटाची मेमरी मर्यादा, २ जीबी ठेवली तर? पान पहिल्यांदा जो आणतो त्याच्या सीग्रुपच्या खात्यावर चढतं, म्हणजे टार स्वतःचीच जुनी पानं सोडत पुढे जाईल आणि पोस्टग्रेसच्या खात्याला धक्का लागणार नाही.

दोन याद्या
याला माझा विरोध नाही. कर्नलला पानांवर सल्ला देण्यापेक्षा मर्यादा आखून देणं कधीही बरं, निवड त्याच्याकडेच राहते. फक्त टारने आणलेलं पान पोस्टग्रेसने लगेच वापरलं तरी ते टारच्याच खात्यावर राहतं आणि लवकर जातं, हे ध्यानात ठेवा. रात्री दोनला हे क्वचित घडेल.

मोजताना रिफॉल्टचा आकडा तीनदा टिपा: बॅकअपआधी, बॅकअप संपल्यावर आणि सकाळच्या पहिल्या तासानंतर. तुमचं म्हणणं खरं असेल तर वाढ तिसऱ्या टप्प्यात दिसेल, म्हणून रात्रीचे आणि सकाळचे आकडे एकत्र करू नका. आणि आज मर्यादेशिवायच चालवा, उद्या मर्यादा लावून. नाहीतर तुलना कशाशी करणार?

रात्रपाळी
ठीक. आज जसा आहे तसा, उद्या २ जीबीवर. परवा दोन्ही दिवसांचे आकडे इथेच टाकतो.