अनुभव धागा: बायबलमधली कोणती गोष्ट तुमच्यासाठी 'खूण' ठरली?

पारवा
अम्माऊसच्या वाटेवर उठलेल्या येशूने दोन शिष्यांना मोशेपासून सगळ्या संदेष्ट्यांपर्यंत आपल्याविषयीचं शास्त्र उलगडून दाखवलं, असं लूक सांगतो. काय काय उलगडलं, त्याची मात्र एक ओळ देत नाही. दिली असती तर पुढची कित्येक प्रवचनं वाचली असती!

जुन्या करारातल्या माणसांत आणि प्रसंगांत ख्रिस्ताची पूर्वछाया पाहायची सवय आपल्याला लहानपणापासून लागते. आदाम, वल्हांडणाचा (मिसरातून सुटकेच्या सणाचा) कोकरा, मान्ना, योना ही नावं तर नव्या करारानेच घेतली आहेत. बाकीच्या खुणा कुणी कुणी नंतर शोधल्या. या धाग्यावर मला अर्थांची यादी नको. एखादी गोष्ट तुमच्या जगण्यात कधी शिरली, तिने काय केलं, आणि कुठे ती ताणल्यासारखी वाटली, ते लिहा. कॅथलिक, प्रोटेस्टंट, कुणीही. प्रवचन मात्र नको.

आगरवाट (वसई)
आमच्या धर्मग्रामात मी वाचक आहे. पास्काच्या (ईस्टरच्या) जागरणाला जुन्या करारातली सात वाचनं असतात. वेळ कमी असेल तर काही गाळतात, पण निर्गमच्या चौदाव्या अध्यायातलं समुद्र दुभंगल्याचं वाचन गाळता येत नाही. मला बहुतेक वेळा तेच मिळतं. बाहेर नवा अग्नी पेटतो, पास्काची मोठी मेणबत्ती आत येते, आणि त्याच उजेडात ते वाचायचं.

2018 च्या जुलैमध्ये वसई बुडाली. रस्ते गेले, वीज गेली, तळमजल्यावरच्या लोकांचं होतं नव्हतं ते भिजलं. आमच्याही घरात पाणी होतं. पुढच्या पास्काला मी वाचायला उभी राहिले आणि 'पाणी पूर्ववत झालं' या वाक्याशी अडखळले. तोवर हे वाचन मी सुटलेल्या लोकांच्या बाजूने वाचत होते. त्या रात्री मला पाठलागावर आलेले, बुडणारे मिसरी (इजिप्तचे लोक) दिसले, त्यांचे घोडेही. मग पाणी आशीर्वादित करताना फादरांनी प्रार्थनेत जलप्रलय आणि हाच समुद्र दोन्ही आणले. पेत्राचं पहिलं पत्रही नोहाच्या पाण्याला बाप्तिस्म्याचं प्रतिरूप म्हणतं. बाप्तिस्मा म्हणजे आधी मरण, हे धर्मशिक्षणात शिकवलं होतं. पाणी उंबरठ्याच्या आत आलेलं पाहिल्यावर त्यातलं मरण कळलं. आता बाळाच्या बाप्तिस्म्याला गेले की फोटोंच्या गर्दीत मी जरा गप्पच असते.

रात्रपाळी (मिरज)
परिचारिका आहे. माझी गोष्ट गणनाच्या एकविसाव्या अध्यायातली, पितळेच्या सर्पाची. आधी एक खुलासा: दवाखान्यांच्या चिन्हावरचा काठीला वेटोळं घातलेला साप मोशेचा नाही, तो ग्रीकांच्या अस्क्लेपियस या देवाचा. आमच्याकडे पाळकसुद्धा घोळ करतात.

पावसाळ्यात सर्पदंशाचे पेशंट येतातच. भात लावताना, गवत कापताना, रात्री अंथरुणात. एका रात्री एक बाई आपल्या मुलाजवळ बसून सारखं म्हणत होती, 'रानात साप ठेवलेच कशाला देवाने?' मुलाला प्रतिविष चालू होतं, तो वाचला. मी घरी जाऊन तो अध्याय पुन्हा काढला. रानात साप चावू लागल्यावर लोक मोशेला म्हणतात, प्रार्थना कर म्हणजे हे साप आमच्यातून निघून जातील. परमेश्वर साप काढून घेतल्याचं तिथे कुठेच लिहिलेलं नाही. साप राहिले, दंशही होत राहिले. चावलेल्याने मोशेने वर टांगलेल्या त्या पितळेच्या सर्पाकडे पाहायचं आणि जगायचं. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेमाला आपलं उंचावलं जाणं याच सर्पासारखं असेल असं सांगतो. तेव्हापासून वधस्तंभाखाली मी 'हे दुखणं काढून घे' एवढंच मागत नाही. मागते, नाही असं नाही.

पारवा
@रात्रपाळी, त्या सर्पाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. 2 राजे 18 मध्ये हिज्कीया राजा तो फोडून टाकतो, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते. मोशेने देवाच्या आज्ञेवरून केलेली वस्तू! खुणेलाच देव केलं की तिचं काय करावं लागतं, याचं याहून रोखठोक उदाहरण मला ठाऊक नाही.

सरवा (नगर जिल्हा)
माझी आजी सुगीनंतर दुसऱ्यांच्या रानात सरवा वेचायला जायची. बाजरीची, ज्वारीची पडलेली कणसं. आमचं नाव सातबाऱ्यावर नव्हतंच. बायबलमधली विधवा रूथ सासू नामीबरोबर तिच्या गावी येते आणि बवाजच्या शेतात सरवाच वेचते. त्यामुळे रूथचं पुस्तक वाचलं की मला आधी आजीची ओटी दिसते.

आमच्याकडे उपदेश ठरलेला असतो: बवाज म्हणजे ख्रिस्त, रूथ म्हणजे परराष्ट्रीयांतून आलेली मंडळी, वतन सोडवणारा नातलग म्हणजे तारणारा. मला हे खोटं वाटत नाही. मत्तय तर वंशावळीतच रूथचं नाव घालतो. पण इतक्या घाईने बवाजचा ख्रिस्त केला की नामीचं दुःख वाटेतच सांडतं. ती बाई गावात परत येते आणि म्हणते, मला नामी म्हणू नका, 'मारा' म्हणजे कडू म्हणा. नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. माझे मालक गेले तेव्हा 'बवाज येईल' असं सांगणाऱ्या बायका घरी पुष्कळ आल्या. मला त्या वेळी माझ्या सोबत चालत येणारी रूथ हवी होती. ती जावेच्या रूपाने आली, पेन्शनचे कागद घेऊन माझ्याबरोबर कचेरीत बसली. म्हणजे माझ्या बाबतीत ख्रिस्ताची खूण बवाज नव्हता, रूथ होती. हे आमच्या पाळकसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, 'असं कुठल्या टीकाग्रंथात नाही.' नसू दे.

आणि एक. लेवीय 19 मध्ये शेताच्या कडा पुऱ्या कापू नका, पडलेलं वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवा, असा नियम आहे. बवाज चांगला होताच, पण आधी नियम होता. हे उपदेशात कधी येत नाही.

डेडलाइन (पुणे)
माझा अनुभव जरा उलटा. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भविष्यवाणी म्हणजे बातम्यांचं कोडं. युद्ध झालं की यहेज्केल 38 मधला गोग हा शत्रू. 2020 मध्ये कोविडची लस म्हणजे प्रकटीकरणातला 666 चा शिक्का. आत्याने त्या व्हिडिओंपायी लस घ्यायला बराच उशीर केला. वाद घालून उपयोग झाला नाही. मग मी तिला विल्यम मिलरची हकीकत सांगितली. अमेरिकेतला हा शेतकरी-उपदेशक. दानीएलाच्या आठव्या अध्यायातले 2300 दिवस वर्षं मानून त्याने ख्रिस्ताच्या येण्याचा काळ काढला, आणि त्याच्या चळवळीत शेवटी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख ठरली. हजारो लोक वाट पाहत बसले. काहींनी पिकं शेतातच सोडली होती. 23 तारीख उजाडली. आत्या म्हणाली, 'बिचारे.' त्यानंतर तिचे फॉरवर्ड कमी झाले, बंद नाही.

दानीएलाचं पुस्तक मला आवडतं, गैरसमज नको. परक्या राजाच्या दरबारात नोकरी करूनही मान कुठे वाकवायची नाही ते त्याला माहीत आहे, आणि आयटीतल्या माणसाला ती भविष्यवाणी पुरे आहे.

मांडवी (गोवा)
थोडक्यात लिहितो. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण 1616 साली रायतूरला छापलं गेलं. त्याचे दोन भाग. पहिल्या पुराणात जुना करार, तारणाऱ्याची वाट पाहणारा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. ओव्या मोठ्याने वाचल्या की पहिला भाग सगळा दुसऱ्याकडे कलतोय हे कानालाच कळतं. आमच्या आजोबांच्या लहानपणापर्यंत उपवासकाळात ते वाचलं जायचं म्हणतात.

शनवार (ठाणे)
मी बेने इस्राएल, म्हणजे इथला मराठी ज्यू. वाचत होतो, लिहू की नको करत होतो. तुम्ही ज्याला जुना करार म्हणता ते आमचं अख्खं शास्त्र आहे, कुणाची छाया नाही. यशयाच्या 53 व्या अध्यायातला दुःख सोसणारा सेवक तुम्हाला येशू वाटतो. राशीसारख्या आमच्या भाष्यकारांना त्यात इस्राएल लोक दिसले. भांडायला आलो नाही.

पण खूण म्हणाल तर आमच्याकडेही आहे. वल्हांडणाच्या रात्री हग्गादा, म्हणजे मिसरातून सुटकेची कथा सांगणारी पोथी, वाचतो. मुंबईत 1846 मध्ये आणि पुण्यात 1874 मध्ये ती मराठी भाषांतरासह छापली गेली. त्यात सांगितलंय की प्रत्येक पिढीतल्या माणसाने आपणच मिसरातून निघालो असं समजावं. माझ्या आईने ते शब्दशः घेतलं. घरकाम करणाऱ्या मावशींना त्या दिवशी ती भरपगारी सुट्टी द्यायची आणि भांडी स्वतः घासायची. 'आज कुणी कुणाचं गुलाम नाही,' म्हणायची.

आगरवाट (वसई)
@शनवार, बरं झालं लिहिलंत. आमच्या पास्काविधीतही 'हीच ती रात्र' असं पुन्हा पुन्हा येतं, 'ती होती' असं नाही.

खडू (जालना)
संडे स्कूल घेते. योनाची गोष्ट मुलं मासा येईपर्यंत ऐकतात, मग चित्रं काढतात. तीन दिवस माशाच्या पोटात, तीन दिवस कबरेत, हे मत्तयातलं प्रतिरूप फळ्यावर लिहून झालं की धडा संपायचा. एकदा एका मुलीने विचारलं, 'बाई, मग योना रुसलेला राहिला का?' निनवे शहराचा नाश टळला म्हणून योना रुसतो, आणि पुस्तक खरंच देवाने त्याला विचारलेल्या प्रश्नावर संपतं: उजव्या-डाव्या हाताचा भेद न कळणारी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं असलेल्या निनवेची मी कीव करू नये का? योनाचं उत्तर नाही. वर्गात दोन मुलं एकमेकांशी बोलत नव्हती. मी काही जोडलं नाही. त्यातल्या एकाने चित्रात माशाऐवजी गुरं काढली.

शनवार (ठाणे)
@सरवा, रूथ आमच्याकडे शवुओतला, कापणीच्या सणाला वाचतात. नामी तुमच्यासारखी कुणाला महत्त्वाची वाटली की बरं वाटतं. एक विचारू? बवाजच्या आधी हक्क असलेला तो जवळचा नातलग, ज्याला आपलं वतन बिघडेल अशी भीती वाटते, त्याचा तुमच्याकडे काय अर्थ लावतात?

सरवा (नगर जिल्हा)
आमच्याकडे त्याला 'नियमशास्त्र' म्हणतात, जे तारू शकत नाही. मला तो साधा माणूस वाटतो, हिशोब करून मागे सरलेला. पुस्तकानेही त्याचं नाव सांगितलेलं नाही. महिला मंडळात चौथा अध्याय माझ्याकडे आलाय. तिथे मी नियमशास्त्राचं काढणार नाही. आपल्या भावकीतला तो कोण, एवढंच विचारणार आहे. भांडणं होतील बहुतेक.