शब्दचर्चा : प्रजाती की जाती?

वाशी : सोसायटीतल्या झाडांवर पाट्या लावतोय. मसुद्यात 'ऐन, अर्जुन, हिरडा, बेहडा या चार प्रजाती' असं आलंय. मला 'चार जाती' बरोबर वाटतं.

ठाणे : बरोबरच आहे तुमचं. मराठी वनस्पतिशास्त्रात प्रजाती म्हणजे जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, आणि जाती म्हणजे स्पीशीज, म्हणजे त्या गटातला एकेक प्रकार. मराठी विश्वकोशातल्या झाडांच्या नोंदीही याच रीतीने आहेत. हिंदीत स्पीशीजला 'प्रजाति' म्हणतात, जीनसला 'वंश'. तो हिंदी अर्थ बातम्यांत शिरला आणि घोटाळा वाढला. तुमची चारही झाडं टर्मिनालिया या एकाच प्रजातीतली. रस्त्याकडेचा देशी बदामही तिचाच.

घणसोली : मग 'प्रजाती : टर्मिनालिया, जाती : अर्जुना' चालेल?

ठाणे : नको. जातीचं नाव दोन्ही शब्द मिळून होतं : टर्मिनालिया अर्जुना. सुटा दुसरा शब्द काहीच ओळखून देत नाही. 'लॅटिफोलिया' म्हणजे नुसतं रुंद पानांची. शिसम डाल्बर्जिया लॅटिफोलिया, आणि धावडा अ‍ॅनोगायसस लॅटिफोलिया.

येऊर : धावड्याचं ते नाव आता जुनं झालं. डीएनए ताडून पाहिल्यावर अ‍ॅनोगायससची शाखा टर्मिनालियाच्या वंशावळीच्या आतच निघाली. ती बाहेर ठेवली तर टर्मिनालियात एका पूर्वजाचे सगळे वंशज येत नाहीत, काही सुटतात. म्हणून 2017 मध्ये ती प्रजातीच टर्मिनालियात विलीन केली. 'टर्मिनालिया लॅटिफोलिया' हे नाव जमैकातल्या एका झाडाने आधीच घेतलेलं, त्यामुळे आपला धावडा झाला टर्मिनालिया अ‍ॅनोगायसियाना. पाटीवर जुनं नावही बारीक अक्षरात ठेवाच; बरीच पुस्तकं अजून त्याच नावावर आहेत.

वाशी : ऐन आणि अर्जुन यांच्या पाट्या उलटसुलट होऊ नयेत, म्हणून काय पाहायचं?

येऊर : साल आधी. ऐनाची काळपट, मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली. अर्जुनाची फिकट, गुळगुळीत, पातळ पापुद्रे सुटणारी. कोवळ्या झाडाच्या सालीवर मात्र भरवसा ठेवू नका, फळ मिळवा. दोन्हींच्या फळांना पाच पंख, म्हणजे उभे पातळ पदर, असतात. फळ उजेडाकडे धरा : ऐनाच्या पंखावरच्या रेषा आडव्या, थेट कडेपर्यंत जातात, अर्जुनाच्या वर वळतात. हिरडा-बेहड्याला पंखच नसतात.