मदत हवी आहे: तळलेल्या चिकनसाठी तिखट सॉस घरी करायचा आहे, पण चटणीच होते

नमस्कार. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवावा. मदत जरा घाईने हवी आहे.

माझा मुलगा दोन वर्षं अमेरिकेत बफेलोला शिकायला होता. तिथे चिकन विंग्ज म्हणजे गावचा अभिमान. १९६४ साली अँकर बारमध्ये टेरेसा बेलिसिमो यांनी तळलेले पंख बटर घातलेल्या तिखट सॉसमध्ये घोळवून दिले, तिथून हा पदार्थ जगभर गेला. मुलाला त्या चवीची फार आठवण येते. येत्या रविवारी त्याचे चार मित्र जेवायला येणार आहेत आणि मला तो सॉस घरीच करायचा आहे. बाटली मिळते, मला माहीत आहे. पण त्याला माझ्या हातचं खायला घालायचं आहे.

पहिल्या वेळी मी सुक्या मिरच्या घेतल्या. दहा-बारा ब्याडगी रंगाला, सहा लवंगी तिखटाला. गरम पाण्यात भिजवून लसूण, मीठ, साखर आणि व्हिनेगर घालून वाटलं आणि तेलावर परतलं. तिखट झकास झालं, पण मागे कडवटपणा राहिला. मुलाने बोट लावून चाखलं आणि म्हणाला, "आई, चव मस्त आहे, पण ही चटणी आहे. सॉस नाही."

तिथल्या बाटलीवर काय लिहिलेलं असतं ते त्याला विचारलं. मुरवलेल्या केयेन मिरच्या, व्हिनेगर, पाणी, मीठ, लसूण पावडर. बस. म्हणजे खरी गोम मुरवण्यात आहे असं वाटलं.

मंडईत ओल्या लाल मिरच्या आल्याच होत्या. अर्धा किलो आणल्या, देठ काढून चिरल्या, मूठभर लवंगी आणि दहा पाकळ्या लसूण घातला. मिरच्या आणि पाणी मिळून एक किलो, त्याला ३० ग्रॅम मीठ, या हिशेबाने काचेच्या बरणीत भरलं. तिसऱ्या दिवशी बुडबुडे आले, पाणी गढूळ झालं आणि झाकण सैल केलं की फुस्स आवाज यायचा. वास इतका छान, आंबट आणि फळासारखा! आठव्या दिवशी निम्म्या मिरच्या काढल्या, बरणीतलंच थोडं पाणी आणि अर्धी वाटी व्हिनेगर घालून मिक्सरमधून काढल्या, पाच मिनिटं उकळून स्टीलच्या गाळणीने गाळल्या. हा सॉस मुलाला पटला. पण पुढे तीन अडचणी आल्या.

एक, सॉस गॅसवर ठेवून त्यात बटर घातलं, एक उकळी आली आणि बटर फुटलं. वर नारिंगी तूप, खाली लाल पाणी.

दोन, चिकनला मैदा-कॉर्नफ्लोअरचं जाड आवरण होतं. सॉसमध्ये घोळवल्यावर पाच मिनिटांत ते ओल्या पापडासारखं सुटून आलं. एवढं तळण वाया गेलं, फार वाईट वाटलं.

तीन, बरणीत उरलेल्या मिरच्यांवर आज पांढरी साय दिसते आहे. सपाट आहे, थोडी सुरकुतलेली. वास बिघडलेला नाही. टाकून द्यावं का?

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
साय सपाट, पांढरी आणि वास स्वच्छ असेल तर ते यीस्ट आहे. चमच्याने अलगद काढा, बरणीचा काठ पुसा. मात्र कापसासारखी लव असेल, किंवा हिरवा, काळा, गुलाबी रंग दिसला तर पूर्ण बरणी टाका. वरचं काढून खालचं वाचवू नका. तुम्ही निम्म्या मिरच्या काढल्यावर बरणीत हवेची जागा वाढली आणि तुकडे तरंगले, म्हणून साय धरली. छोट्या बरणीत काठोकाठ भरा, वर वाटीचं वजन ठेवा. मिरची कायम पाण्याखाली हवी.

प्रतिसाद २
ताई, आमच्याकडे ओल्या लाल मिरचीचा रंजका होतो, लिंबाच्या रसात मुरवलेला. तुम्ही केलंय ते त्याचंच पातळ भावंड म्हणा ना. टिकवायचं असेल तर सामू (pH, आकडा जितका कमी तितकं आंबट) दाखवणारी कागदी पट्टी आणा. ४.६ च्या खाली हवाच, मी घरी ४ च्या खाली आल्याशिवाय बाटलीत भरत नाही. आणि हे नक्की पाळा: कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवायचा नाही, त्यात बोटुलिझमचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचा धोका असतो. बटर घातलेला सॉस लागेल तेवढाच करा, मूळ सॉस फ्रीजमध्ये वेगळा ठेवा.

प्रतिसाद ३
बटर फुटलं ते उकळीमुळे. सॉस गरम करून गॅस बंद करा, मग थंड बटरचे छोटे तुकडे एकेक टाकत फेटत राहा. अर्धी वाटी सॉसला पाव वाटीपेक्षा थोडं जास्त बटर. बटर खारं असेल तर सॉसमध्ये वेगळं मीठ नको.

आवरणाचं कारण वेगळं आहे. बफेलोच्या विंग्जना मुळात पीठ लावतच नाहीत. नुसती कातडी कडक तळतात, म्हणून पाण्याचा सॉस ती सोसते. कातडीसकट पंख आणा, मीठ लावून रात्रभर फ्रीजमध्ये उघडे सुकू द्या. आधी मध्यम आचेवर शिजेपर्यंत तळा, दहा मिनिटं जाळीवर ठेवा, मग कडकडीत तेलात पुन्हा दोन-तीन मिनिटं. घोळवायचं पान वाढल्यावर.

जाड आवरणाचंच हवं असेल तर अमेरिकेतल्याच नॅशव्हिल शहराची रीत धरा. तिथे केयेनची पूड गरम चरबीत कालवून तळलेल्या चिकनवर फासतात. त्यात पाणी नसतं, म्हणून कुरकुरीतपणा टिकतो. आपल्या मिसळीच्या तर्रीचंच तत्त्व: तळणीचं तेल जरा निवू द्या, मग लाल तिखटावर ओता. धूर येणाऱ्या तेलात तिखट करपतं. तुमच्या पहिल्या सॉसचा कडवटपणाही बहुधा परतताना करपल्यानेच आला असेल.

मूळ धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री थोडे पंख पीठ न लावता दोनदा तळून पाहिले. बटर गॅस बंद करून फेटलं, अजिबात फुटलं नाही. सॉस पंखांना चकचकीत चिकटला, आणि दहा मिनिटांनी खाल्लेला शेवटचा पंखही दाताखाली कुर्रकन वाजला. मुलगा पहिला घास खाऊन गप्प बसला, मग ताटलीत उरलेला सॉस पोळीने पुसून खाल्ला. रविवारी एक घाणा पीठ न लावता आणि एक तर्रीच्या रीतीने करणार आहे.

साय काढून टाकली, वास चांगलाच आहे, पट्टी ३.६ दाखवते.

अजून एक विचारते. गाळणीत उरलेला मिरचीचा चोथा वाटीभर आहे, टाकवत नाही. उन्हात वाळवून पूड केली तर टिकेल का? आंबवलेला असल्याने वेगळी काळजी घ्यावी लागते का?