फवारणी ड्रोनचं सर्टिफिकेट: पैसे घालावेत का?

मोहोळकर:
नमस्कार मंडळी. लहान भावाला भाड्यानं ड्रोन फवारणीच्या धंद्यात उतरवायचंय. एका ठिकाणी दोन दिवसांत सर्टिफिकेट, फी अगदी कमी. दुसरीकडे सात दिवस आणि फी कितीतरी जास्त. भाऊ दहावी पास आहे, पासपोर्ट नाही. नेमकं काय बघायचं?

बार्शी_तूर:
दादा, दोन दिवसांचा तो हजेरीचा कागद असेल, त्यावर धंदा करता येत नाही. डीजीसीएची (केंद्राचं विमान वाहतूक नियामक खातं) मान्यता असलेल्या संस्थेचं रिमोट पायलट सर्टिफिकेटच लागतं. वय १८ ते ६५ आणि दहावी पास, एवढीच पात्रता. पासपोर्टची अट २०२३ मध्ये गेली. मतदान ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा लायसन चालतं. सर्टिफिकेटची मुदत १० वर्षं.

फसगत होते ती ड्रोनच्या वजनाच्या वर्गात. १० लिटर टाकीचे ड्रोन टाकी भरल्यावर साधारण २५ किलोच्या आत बसतात, म्हणून 'स्मॉल' वर्गाचंच (२ ते २५ किलो) घ्या. त्याहून हलक्या 'मायक्रो'चं स्वस्तात मिळालं तरी फवारणीला कुचकामी. जीएसटी, राहणं-जेवण, नापास झाल्यास पुन्हा चाचणी हे फीत धरलंय का, ते लेखी घ्या.

नोझल_गाळणी:
वरचं सगळं बरोबर, पण फी कशाची देताय ते विचारा. सिम्युलेटर (संगणकावरचा सराव) किती आणि स्वतःच्या हातात रिमोट घेऊन खरं उड्डाण किती मिनिटं? आणि पायलट सर्टिफिकेट म्हणजे फवारणी येते असं नाही. बचत गटाच्या महिलांसाठीच्या केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेतच बघा ना: १५ दिवसांपैकी ५ दिवस उडवायला, १० दिवस शेतीच्या कामाला. त्यामुळे फवारणीचा भाग नसेल तर सात दिवसांचा कोर्सही अपुराच.

शिकवताना हे करून घेतात का बघा: टाकीत साधं पाणी भरायचं, प्रत्येक नोझलखाली मापाचं भांडं धरून एक मिनिट पंप चालवायचा. एखाद्यात दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर नोझल साफ करा, नाहीतर बदला. पावडरचं औषध थेट टाकीत ओतलं की गाळणीवर साय धरते, त्या बाजूचा फवारा बारीक होतो आणि रानात कोरडा पट्टा राहतो. तो लगेच दिसत नाही. आठ दिवसांनी तेवढ्याच पट्ट्यात अळी दिसते आणि शेतकरी भाडं अडवतो. पावडर आधी बादलीत कालवून, फडक्यानं गाळून मगच टाका.

उसाचा_फड:
काम कुठं मिळेल तेही बघा, भाऊ. मांडवावरच्या द्राक्षाला ड्रोनचं औषध पानाच्या खालच्या बाजूला नीट पोचत नाही, तिथं ट्रॅक्टरचा ब्लोअरच बरा. माणूस शिरत नाही असा उंच ऊस आणि दाटलेली तूर, हे ड्रोनचं खरं रान.

एका बॅटरीत साधारण एकरभर होतं, चार्जिंगला अर्धा-पाऊण तास. म्हणून चार-पाच जोड्या आणि जनरेटर खर्चात धरा. फीपेक्षा हा आकडा मोठा. उन्हाळ्यात उतरवलेली बॅटरी गरम असते, तशीच चार्जिंगला लावली की फुगते. सावलीत निवू द्या. ठेवून द्यायची असेल तर दर सेलला ३.८ व्होल्टवर ठेवा, पूर्ण भरून नाही.

आणि सोलापूरच्या होटगी रोडच्या विमानतळापासून ८ किलोमीटरच्या आत काम असेल तर आधी परवानगी लागते. ऑर्डर घेण्याआधी सरकारी नकाशात तो गट बघून घ्या.